कुणावाचून अडतं?

टेक्सासमध्ये रॉकडेल नावाचं एक छोटं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथे अल्कोआ कंपनीने ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना उभारला. जवळच लिग्नाइटची खाण, त्या कोळशावर चालणारं वीजकेंद्र आणि शेजारी ती सगळी वीज गिळणाऱ्या भट्ट्या. किलोभर ॲल्युमिनियम काढायला चौदा युनिटच्या आसपास वीज जाते, त्यामुळे असे कारखाने नेहमी विजेच्या उशाशीच बसतात. २००८ मध्ये भट्ट्या विझल्या, पुढे दहा वर्षांनी वीजकेंद्रही बंद झालं. मागे राहिल्या जाड तारा, एक मोठं उपकेंद्र आणि मोकळी जमीन.

त्या तारांच्या टोकाला आता लांबलचक शेड आहेत. आत फडताळांवर रचलेली हजारो यंत्रं, त्यांचे पंखे, आणि सगळ्यांचं मिळून एकच काम: बिटकॉइन या डिजिटल नाण्याचं मायनिंग. मी तिथे गेलेली नाही, फोटो आणि व्हिडिओ मात्र पुष्कळ पाहिलेत. जुन्या कारखान्यातून निदान धातूचे ठोकळे बाहेर पडायचे. इथे एका बाजूने वीज आत जाते आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर येते. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, भौतिकशास्त्राचा हिशोबच तसा आहे. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आकडेमोडीचं उत्तर वजनाला काहीच भरत नाही. मग ते बिटकॉइनचं असो, हवामानाच्या अंदाजाचं असो, की रात्री बाराला आपण एआयला विचारलेल्या एखाद्या फालतू शंकेचं.

गेली काही वर्षं या विषयावर हाताला लागेल ते वाचते आहे. सुरुवातीला फक्त आकडे जमवायची. अमुक यंत्रणा तमुक देशाइतकी वीज खाते, वगैरे. हळूहळू त्या तुलनांवरून मन उडालं. असं वाक्य वाचून माणूस दचकतो आणि पान उलटतो. आता मला वेगळंच खुपतं. वीज कमी पडली तर यातलं काय बंद करता येईल? आणि बंद केलं तर कुणाला कळेल?

मायनिंग म्हणजे नेमकं काय, हे नुसतं वाचून मला कधीच नीट पटलं नव्हतं. शेवटी एका सुट्टीत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एक वाक्य घ्यायचं, त्याच्या शेवटी एक आकडा जोडायचा आणि ते सगळं एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून काढायचं. बाहेर चौसष्ट चिन्हांची अगम्य ओळ येते. आकडा एकाने बदलला की अख्खी ओळ बदलते, आणि कशी बदलेल हे आधी सांगता येत नाही. आता अट घालायची: ओळीच्या सुरुवातीला चार शून्यं हवीत. मग आकडे बदलत राहायचं, दुसरा इलाज नाही. सरासरी ६५,५३६ प्रयत्नांत एकदा ती अट पुरी होते. माझ्या साध्या लॅपटॉपने ते पापणी लवते न लवते तोच केलं. पाच शून्यं मागितली की प्रयत्न सोळापट. सहा मागितली की पुन्हा सोळापट. शून्यं वाढवत गेले तसा लॅपटॉपचा पंखा कण्हायला लागला, मांडीला चटके बसायला लागले, आणि मी नाद सोडला.

शेडमधली यंत्रं हेच करतात, रात्रंदिवस. जगभरातल्या सगळ्या मायनरांचा मिळून वेग २०२५ मध्ये सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतक्या प्रयत्नांपर्यंत पोचला. जो सगळ्यांत आधी जुळणारा आकडा शोधतो त्याला बिटकॉइनच्या व्यवहारांच्या वहीचं पुढचं पान, म्हणजे ब्लॉक, लिहिण्याचा हक्क आणि बक्षीस मिळतं. २००९ च्या जानेवारीत पहिला ब्लॉक पडला तेव्हा बक्षीस ५० बिटकॉइनचं होतं. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आलं.

यातली खरी विलक्षण गोष्ट पुढेच आहे. यंत्रं दुप्पट केली म्हणून ब्लॉक दुप्पट वेगाने पडत नाहीत. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ही यंत्रणा स्वतःच कोडं अवघड किंवा सोपं करून घेते, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक हा ठेका टिकतो. यंत्रं शंभर असोत की कोटभर, व्यवहार तेवढेच नोंदले जातात. वाढते ती फक्त वहीत खाडाखोड करू पाहणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत. वीज वाया जाते अशी टीका होते तेव्हा मला नेहमी वाटतं की टीकाकारांनी अर्धंच सांगितलं. इथे जळालेली वीज हीच कुलपाची जाडी आहे. आकडेमोड स्वस्त झाली असती तर खोटी वहीही स्वस्तात लिहिता आली असती.

मुळात ही कल्पना किती निरुपद्रवी होती! सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये ती मांडली ती नकोशा ईमेलना आळा घालण्यासाठी. पाठवणाऱ्याच्या संगणकाने आधी थोडी आकडेमोड करून दाखवायची. एक पत्र पाठवणाऱ्याला ती जाणवणारही नाही, लाखो पत्रं सोडणाऱ्याला मात्र परवडणार नाही. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी ‘हॅशकॅश’ नावाने तशी व्यवस्था प्रत्यक्षात आणली. सातोशी नाकामोतो या टोपणनावामागच्या माणसाने (की माणसांनी, देव जाणे) ती उचलून पैशाला लावली. केंब्रिज विद्यापीठातल्या अभ्यासगटाच्या २०२५ च्या अंदाजानुसार बिटकॉइनला वर्षाला १३८ टेरावॅट-तास वीज लागते. एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट, तेव्हा हे झाले १३,८०० कोटी युनिट. जगाच्या विजेचा अर्धा टक्का. ईमेलवरच्या छोट्याशा भुर्दंडाचं हे झालं.

मायनिंगला बाजारपेठ जवळ लागत नाही, गिऱ्हाईक लागत नाही, इंटरनेटही जेमतेम चालतं. लागते ती स्वस्त वीज. म्हणून हा धंदा भटका झाला. चीनमध्ये पावसाळ्यात सिचुआनच्या डोंगरांतली जलविद्युत वापरून संपायची नाही, तेव्हा यंत्रं तिकडे. नद्या आटल्या की तीच यंत्रं ट्रकमध्ये घालून उत्तरेला, शिनजियांग आणि इनर मंगोलियातल्या कोळशाच्या विजेकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्ग शहराला धरणाची स्वस्त वीज ठरावीक कोट्याने मिळते. कोटा ओलांडला की बाजारातून महाग वीज घ्यायची, आणि तो बोजा सगळ्यांच्या बिलात. २०१७-१८ च्या हिवाळ्यात मायनर तिथे येऊन बसले, कोटा ओलांडला गेला आणि विजेवर घर गरम करणाऱ्या सामान्य माणसांची बिलं फुगली. मार्च २०१८ मध्ये शहराने नव्या मायनिंगवर दीड वर्षाची बंदी घातली. स्वस्त वीज बेवारस नसते, ती कुणाच्या तरी वाट्याची असते, हे मला प्लॅट्सबर्गइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलं नाही. कोसोव्होने जानेवारी २०२२ मध्ये ऐन वीजटंचाईत मायनिंगच बंद केलं. इराणने २०२१ च्या उन्हाळ्यात काही महिन्यांपुरतं तेच केलं.

पण बंद केलं तर कुणाला कळेल, या माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते चीनने. २०२१ च्या मे-जूनमध्ये तिथल्या सरकारने मायनिंगवर वरवंटा फिरवला. जगातली निम्म्याच्या आसपास आकडेमोड काही आठवड्यांत थंड झाली. ब्लॉक उशिरा पडू लागले. मग ३ जुलैला यंत्रणेने कोडं एका झटक्यात जवळजवळ २८ टक्क्यांनी सोपं केलं, आणि पुन्हा सगळं दहा मिनिटांच्या ठेक्यावर. निम्मे पोलाद कारखाने बंद पडले असते तर जगभर पूल आणि घरं अर्धवट राहिली असती. निम्मी इस्पितळं बंद पडली असती तर काय झालं असतं ते लिहायलाही नको. इथे गिऱ्हाइकाला जेमतेम कळलं.

बिटकॉइनचे समर्थक याला यंत्रणेची मजबुती म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण मग तो बंद पडलेला निम्मा भाग आदल्या महिन्यापर्यंत कशासाठी चालू होता? शेजारचा चालवतो म्हणून. प्रत्येक मायनर बाकीच्यांच्या विरुद्ध धावतो, आणि सगळे एकदम सावकाश झाले तर बक्षिसांची वाटणी तीच राहील हे माहीत असूनही कुणालाच सावकाश होता येत नाही. मायनर उद्या आले नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही, आणि गंमत म्हणजे ग्रिडच्या, म्हणजे घराघरांत वीज पोचवणाऱ्या जाळ्याच्या दृष्टीने हाच त्यांचा मोठा गुण ठरला.

ते कळतं ऑगस्ट २०२३ च्या टेक्सासमध्ये. भयंकर उन्हाळा, घराघरांत एसी, आणि ग्रिड सांभाळणारी एर्कॉट ही संस्था मेटाकुटीला आलेली. रॉकडेलच्या शेड चालवणाऱ्या रायट कंपनीने त्या महिन्यात ३३३ बिटकॉइन काढले, किंमत ९० लाख डॉलरच्या आसपास. त्याच महिन्यात यंत्रं बंद ठेवल्याबद्दल आणि गरजेला बंद ठेवण्याच्या तयारीबद्दल तिच्या खात्यावर जमा झाले ३ कोटी १७ लाख डॉलर. कंपनीने आधीच ठरलेल्या स्वस्त दराने वीज घेऊन ठेवलेली होती. टंचाईत भाव कडाडले तेव्हा ती वापरण्यापेक्षा परत विकणं कितीतरी पटीने फायद्याचं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापच आला. काम न करण्याचे पैसे, तेही कामाच्या तिप्पट! नंतर जरा शांतपणे विचार केला. ग्रिडला अशा कुणाची तरी गरज असतेच, जो एका इशाऱ्यावर थांबेल आणि ज्याच्या थांबण्याने कुणाचा श्वास अडकणार नाही. माझा आक्षेप आहे तो भावाला. आधी भार होऊन यायचं आणि मग बाजूला होण्याचे पैसे घ्यायचे, हा व्यवहार कायदेशीर असेल, पण त्याला ग्रिडची सेवा म्हणवून घेणं मला अजूनही जड जातं.

हे सगळं अटळ होतं असंही नाही. इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कोडी सोडवायची पद्धतच सोडून दिली. वीज जाळण्याऐवजी स्वतःची नाणी तारण ठेवायची आणि गैरप्रकार केला तर ती गमवायची, ही नवी पद्धत. विजेचा वापर ९९.९ टक्क्यांहून अधिक घटला, आणि त्या दिवशी व्यवहार थांबलेसुद्धा नाहीत. बिटकॉइनवाले त्या वाटेने जातील असं मला वाटत नाही. त्यांच्या लेखी नाण्याची किंमत जळालेल्या विजेतूनच येते, आणि श्रद्धेशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

इथेरियमची कोडी सोडवणारी ग्राफिक्स कार्डं (पडद्यावर चित्रं काढण्यासाठीच्या चिपा) रातोरात बेकार झाली. नेमकी तीच जातकुळी एआयला हवी असते. इथून दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली येतात. कोअरवीव्ह ही एआयसाठी चिपा भाड्याने देणारी आजची बडी कंपनी २०१७ मध्ये सुरू झाली ती इथेरियमच्या मायनिंगसाठी. क्रूसो कंपनी तेलविहिरींवर वाया जाणारा वायू जाळून बिटकॉइन काढायची. तिने २०२५ मध्ये तो धंदा विकला आणि टेक्सासमधल्या ॲबिलीनला एआयसाठी १.२ गिगावॅटचं संकुल उभारायला घेतलं. कोअर सायंटिफिक ही मायनिंग कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिने कोअरवीव्हशी बारा वर्षांचा, २०० मेगावॅटचा करार केला. पुढे कोअरवीव्हने अख्खी कंपनीच सुमारे ९०० कोटी डॉलरना विकत घ्यायची तयारी दाखवली, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये कोअर सायंटिफिकच्या भागधारकांनी नकार दिला. भाव कमी वाटला म्हणे.

या कंपन्यांकडे विकण्यासारखं होतं तरी काय? मायनिंगची यंत्रं एआयला कवडीच्या उपयोगाची नाहीत. ती एसएचए-२५६ शिवाय दुसरं काही करूच शकत नाहीत. शेडही बहुतेक पाडून किंवा आतून पूर्ण बदलून घ्याव्या लागतात. विकली गेली ती मंजूर झालेली वीजजोडणी. शंभर-दोनशे मेगावॅटची नवी जोडणी मागायला गेलं तर रांगेत वर्षं जातात, मोठे ट्रान्सफॉर्मर मिळता मिळत नाहीत. मायनर रांगेत आधी उभे होते. त्यांनी आपली जागा विकली.

तार तीच राहिली, पण तिच्या टोकाचं गिऱ्हाईक बदललं, आणि या गिऱ्हाइकाचा स्वभाव अगदी उलटा आहे. मायनिंगमधलं प्रत्येक यंत्र एकटं असतं. दहा हजारांतली चार हजार बंद केली तर उरलेल्यांना पत्ताही लागत नाही. एआयचं मोठं मॉडेल, म्हणजे उत्तरं देणारा प्रोग्रॅम, शिकवताना हजारो चिपा एका लयीत चालतात. सगळ्यांनी हिशोब करायचा, मग सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं, मग पुन्हा हिशोब. एनव्हिडिया कंपनीची एच१०० ही एआयसाठीची एक चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. नंतरच्या पिढीतल्या बहात्तर चिपांच्या एका कपाटाला १२० किलोवॅट लागतात, म्हणजे एकच कपाट तासाला १२० युनिट. तिथे पंख्याने भागत नाही, चिपांच्या अंगावरून नळ्यांतून द्रव फिरवावा लागतो. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या अभियंत्यांनी आपलं लामा ३ मॉडेल शिकवतानाचा अनुभव लिहून ठेवला आहे: १६ हजार चिपा एकदम थबकल्या की अख्ख्या केंद्राची मागणी क्षणात कित्येक मेगावॅटांनी खाली-वर व्हायची. ग्रिड चालवणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा यावा असं हे वागणं.

तरीही मॉडेल शिकवणं थांबवता येतं. मधूनमधून केलेलं काम जपून ठेवलेलं असतं, तिथून पुन्हा उचलता येतं. तंत्राची अडचण असती तर सुटली असती. अडचण पैशाची आहे. मायनरचा सगळ्यांत मोठा खर्च वीज, म्हणून विजेचा भाव चढला की तो आपोआप थांबतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. एआयवाल्याचा मोठा खर्च चिप. हजारो डॉलरची ती वस्तू चार-पाच वर्षांत जुनी होते, तेव्हा तिचा रिकामा तास म्हणजे नुकसान. विजेचा भाव तिप्पट झाला तरी त्याचा हात बटणाकडे जात नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरगुती गिऱ्हाईक बिलाच्या धास्तीने एसी बंद करतं. या गिऱ्हाइकाला अशी धास्तीच नाही.

इथे कुणीतरी हमखास विचारतं की मग तू एआय वापरतेस का. वापरते. आणि एका प्रश्नामागे अपराधी वाटून घ्यायला मी तयार नाही. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या जेमिनी या एआयला लिहून विचारलेल्या मधल्या मापाच्या एका प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि पाण्याचे पाचेक थेंब लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चार हजारांवर प्रश्न. आकडा कंपनीचा आहे, त्यात मॉडेल शिकवण्याचा खर्च धरलेला नाही आणि चित्रं-व्हिडिओ बनवण्याचाही नाही, हे लक्षात ठेवायचं. पण दुप्पट-चौपट केला तरी तो लहानच राहतो. माणसाने प्रश्न विचारणं कमी करावं असले उपदेश म्हणूनच मला पोकळ वाटतात. ज्याच्या हातात जेमतेम एक थेंब आहे त्याला पुराबद्दल बोलणी खावी लागतात, आणि संकुल कुठे व्हावं, कुठल्या विजेवर चालावं हे ठरवणारे मोकळे सुटतात.

शिवाय दर प्रश्नामागची वीज कमी होत गेली म्हणून एकूण वीज कमी होईल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तसा इंग्लंडचा कोळसा कमी लागण्याऐवजी जास्त लागला, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं. आज प्रश्न विचारणारी माणसं तरी आहेत. उद्या प्रोग्रॅमच प्रोग्रॅमला प्रश्न विचारत बसतील, आणि त्यांना झोप येत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी, म्हणजे हजारो संगणक ठेवलेल्या अशा केंद्रांनी, ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ वर जाईल असा तिचा अंदाज आहे.

दीड टक्का ऐकून बरं वाटतं. पण वीज सगळ्या जगावर सारखी पसरून वापरली जात नाही. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवरच्या एकूण विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरांना जायची, २०२३ मध्ये २१ टक्के. त्या वर्षी त्यांनी शहरांतल्या सगळ्या घरांना मिळून लागलेल्या विजेलाही मागे टाकलं. अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियामधल्या लाउडन परगण्यात डेटा सेंटरांची इतकी दाटी आहे की त्या पट्ट्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. तिथे १० जुलै २०२४ च्या संध्याकाळी २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीत बिघाड झाला आणि व्होल्टेजला एकामागून एक झटके बसले. डेटा सेंटरांच्या आतल्या संरक्षण यंत्रणा हे झटके मोजत असतात. ठरलेली मर्यादा ओलांडताच साठेक केंद्रं आपापल्या बॅटऱ्या आणि जनरेटरांवर निघून गेली. १,५०० मेगावॅट मागणी एका फटक्यात गायब! आपल्याला वीज कमी पडण्याची भीती माहीत असते, इथे ग्रिडकडे अचानक वीज जास्त झाली. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी चढली, वीजकेंद्रांना घाईने हात आखडावा लागला. निभावलं. गेलेल्या केंद्रांपैकी प्रत्येकाचं वागणं आपापल्या जागी बरोबर होतं: आपलं काम क्षणभरही थांबू द्यायचं नाही. आतल्या संगणकांना काही कळलं नसेल. ज्याला कधीच थांबायचं नाही असा शेजारी किती अवघड असतो, ते बाहेरच्या तारांनी सोसलं.

या कधीच न थांबण्यासाठी काय काय चाललंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत मार्च १९७९ मध्ये अपघात झाला होता. शेजारची पहिली भट्टी १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची वीज वीस वर्षं घ्यायचा करार केला आणि ती ८३५ मेगावॅटची भट्टी पुन्हा पेटवायचं ठरलं. अणुवीज मला वर्ज्य नाही. चांगली भट्टी मोडीत निघण्यापेक्षा चालू झालेली बरी. पण ती घरांसाठी परवडत नव्हती आणि यांच्यासाठी परवडते, यातून भावाची बोली कोण लावतंय ते उघड होतं. त्याच टापूतलं पीजेएम हे तेरा राज्यांचं ग्रिड पुढच्या वर्षांसाठी वीजक्षमता लिलावाने राखून ठेवतं. २०२४-२५ साठी दर होता एका मेगावॅटला दिवसाला २८.९२ डॉलर, २०२५-२६ साठी तो झाला २६९.९२. बाजारावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने डेटा सेंटरांच्या मागणीकडे बोट दाखवलं. हा खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलात उतरतो, एआयचं नावही न ऐकलेल्यांच्यासुद्धा. प्लॅट्सबर्गचीच गोष्ट, पण तेरा राज्यांची.

पाण्याचंही असंच. ओरेगनमधल्या द डॅल्स गावात गूगलची केंद्रं गावच्या पाण्याच्या चौथाईहून जास्त पाणी घेत होती, आणि हा आकडा वर्तमानपत्राला मिळू नये म्हणून खुद्द नगरपालिका कोर्टात गेली होती. शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिने माघार घेतली. आकड्यापेक्षा ती लपवाछपवी मला जास्त लागली.

मग थांबायचं कुणी? टायलर नॉरिस आणि ड्यूक विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये एक हिशोब मांडला. ग्रिड बांधलेलं असतं ते वर्षातल्या सगळ्यांत वाईट काही तासांसाठी. एरवी त्यात बरीच मोकळी जागा असते. नवी मोठी गिऱ्हाइकं वर्षभरातल्या आपल्या वापरापैकी फक्त पाव टक्का सोडायला तयार झाली, तर अमेरिकेच्या आहे त्याच ग्रिडमध्ये ७६ गिगावॅट नवा भार बसू शकतो. पाव टक्का! गेल्या कित्येक महिन्यांत वाचलेला सगळ्यांत आशादायक आकडा मला हाच वाटला. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या दोन वीजकंपन्यांशी करार करून एआयची काही कामं टंचाईच्या वेळी मागे ढकलायचं कबूल केलं. टेक्सासने त्याच वर्षी जूनमध्ये कायदाच केला: ७५ मेगावॅट आणि त्यावरच्या नव्या गिऱ्हाइकांना आणीबाणीत ग्रिडच्या आदेशाने बंद करता आलं पाहिजे. आजवर भारनियमनात सगळ्यांत आधी अंधार व्हायचा तो घरांत. त्यामुळे हा कायदा मला उशिरा सुचलेलं शहाणपण वाटला, तरी शहाणपणच.

कामं पुढे ढकलणं जमत नाही हे मात्र आता कुणी सांगू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एप्रिल २०२४ पासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सोय ठेवली आहे: उत्तरासाठी चोवीस तासांपर्यंत थांबायची तयारी असेल तर निम्म्या दरात काम. ती आहे कंपनीच्या चिपा रिकाम्या राहू नयेत म्हणून, ग्रिडची काळजी म्हणून नव्हे. पण थांबण्याला भाव देता येतो हे त्यातून सिद्धच झालं. चॅटच्या पडद्यावर साध्या माणसाला ‘सावकाश चालेल’ असं सांगायची जागा मला अजून कुठे दिसलेली नाही. दिली तर मी बहुतेक वेळा तीच निवडीन. माझ्या प्रश्नांपैकी त्याच मिनिटाला उत्तर हवं असे फारच थोडे असतात.